रंगीत स्लाइड फिल्म आणि स्टिरिओ छायाचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लाइड फिल्म आणि निगेटिव्ह फिल्म यांत मूळ फरक कोणता?

निगेटिव्ह हा मधला टप्पा असतो. तिच्यावर उजेड काळा आणि काळोख उजळ उमटतो, रंगही उलटे येतात, आणि कागदावर प्रिंट काढल्यानंतरच छायाचित्र पुरे होते. स्लाइड फिल्मला हा दुसरा टप्पा नाही. कॅमेऱ्यात जिच्यावर प्रकाश पडला तीच फिल्म धुतल्यावर सुलट रंगांचे पारदर्शक चित्र होऊन हाती येते, आणि ती कापून सुमारे ५ सेंटिमीटर चौरस पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवली की स्लाइड तयार होते. डोंगरावरून आलेला प्रकाश ज्या तुकड्यावर पडला तोच तुकडा पुढे डोळ्यांसमोर धरायचा असतो. ही गोष्ट काहींना भावुकपणाची वाटते. मात्र तिचा एक रोकडा परिणाम आहे : मध्ये प्रिंट काढणारा कोणी नसल्यामुळे छायाचित्रकाराची चूक झाकायलाही कोणी नसतो.

फिल्मवर सरळ सुलट चित्र कसे येते?

फिल्मवर निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारे थर असतात. पहिल्या डेव्हलपरमध्ये, जिथे प्रकाश पडला होता तिथे, चांदीची कृष्णधवल निगेटिव्ह प्रतिमा तयार होते. त्यानंतर रिव्हर्सल बाथमधील रसायन उरलेल्या, प्रकाश न पडलेल्या चांदीच्या क्षारांना डेव्हलप होण्याजोगे करते, आणि रंगीत डेव्हलपर त्या उरलेल्या भागात चांदीसोबत पिवळा, मॅजेंटा आणि सायन रंग घडवतो. ब्लीच आणि फिक्सर शेवटी सगळी चांदी काढून टाकतात आणि फिल्मवर केवळ रंग राहतात.

आज सर्वत्र वापरात असलेल्या या पद्धतीला ई-६ म्हणतात आणि ती १९७० च्या दशकापासून रूढ आहे. पहिला डेव्हलपर ३८ अंश सेल्सियसला सुमारे ६ मिनिटे चालतो, आणि तापमान अर्ध्या अंशाने सरकले तरी स्लाइड फिकट किंवा गडद होऊ लागते. घरी गरम पाण्याच्या टबात बाटल्या ठेवून ही प्रक्रिया करणारे अनेक जण आहेत आणि त्यांचे निकाल चांगले येतात. मात्र महत्त्वाच्या प्रसंगाचा रोल पहिल्याच प्रयत्नासाठी निवडू नये.

कोडॅक्रोमचे एवढे कौतुक कशासाठी?

लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गॉडोव्स्की हे दोघे पेशाने संगीतकार होते; एक पियानोवादक, दुसरे व्हायोलिनवादक. त्यांनी विकसित केलेली कोडॅक्रोम फिल्म १९३५ मध्ये १६ मिलिमीटर चलत्चित्रणासाठी आणि १९३६ मध्ये ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांसाठी बाजारात आली. त्याच वर्षी आलेल्या आग्फाच्या नव्या फिल्ममध्ये रंग घडवणारी द्रव्ये थरांतच मिसळलेली होती. कोडॅक्रोममध्ये ती फिल्मवर नव्हतीच. धुताना प्रत्येक थरासाठी वेगळ्या डेव्हलपरमधून ती पुरवली जात. त्यामुळे फिल्मचे थर अतिशय पातळ ठेवता आले, प्रकाश आत कमी विखुरला आणि कडांची जी धार मिळाली ती अनेक वर्षे दुसऱ्या कोणत्याही रंगीत फिल्मला साधली नाही.

दुसरा गुण अंधारातील टिकाऊपणाचा. अमेरिकी सरकारच्या छायाचित्रकारांनी १९३९ ते १९४४ या काळात घेतलेली सुमारे १,६०० रंगीत छायाचित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि त्यांतील कोडॅक्रोमवरची चित्रे पाहिली की मधल्या आठ दशकांवर विश्वास बसत नाही. त्या काळातील इतर अनेक रंगीत फिल्म एव्हाना लालसर होऊन बसल्या आहेत.

जो गुण होता त्यातच शेवटाचे बीजही होते. धुण्याची पद्धत इतकी गुंतागुंतीची होती, की ती मोजक्याच प्रयोगशाळांना परवडे. २००९ मध्ये कोडॅकने उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. शेवटची प्रयोगशाळा कॅन्सस राज्यातील पार्सन्स गावी होती आणि तिने ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल स्वीकारले. कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला होता. ही फिल्म परत येईल का, असेही वारंवार विचारले जाते. एका फिल्मपुरती संपूर्ण वेगळी धुलाईव्यवस्था पुन्हा उभी करावी लागेल, हे लक्षात घेतले तर उत्तर नकारार्थीच समजावे. कपाटात एखादा न धुतलेला कोडॅक्रोम रोल सापडलाच, तर त्यातून आता फार तर कृष्णधवल प्रतिमा काढता येते.

स्लाइडचे रंग छापील फोटोपेक्षा जिवंत का वाटतात?

कागदावरचे चित्र आपल्याला परावर्तित प्रकाशात दिसते. कागदाचा पांढरा भाग खोलीतील उजेडापेक्षा अधिक उजळ होऊ शकत नाही आणि काळा भागही थोडा प्रकाश परत फेकतोच, त्यामुळे चांगल्या प्रिंटमध्येही सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागांतील प्रमाण साधारण शंभरास एक एवढेच राहते. स्लाइडमधून प्रकाश आरपार येतो, आणि तिथे हे प्रमाण हजारास एकाच्याही पुढे जाते. पाण्यावरची तिरीप प्रिंटमध्ये पांढऱ्या ठिपक्यासारखी राहते, तर स्लाइडमध्ये ती खरोखर चमकते.

फिल्मनिहाय स्वभावही वेगळे असतात. १९९० मध्ये आलेल्या फुजीच्या व्हेल्वियाने हिरवे आणि लाल रंग इतके गडद केले, की निसर्गचित्रणाची एक पिढी तिच्याच डोळ्यांनी जग पाहू लागली. माणसांच्या चेहऱ्यांसाठी मात्र ती टाळावी, कारण त्वचा विनाकारण तांबूस होते. त्यासाठी फुजीचीच प्रोव्हिया किंवा कोडॅकची एक्टाक्रोम बरी.

स्लाइडवर एक्स्पोजर साधणे कठीण का समजतात?

कारण फिल्म सांभाळून घेत नाही. निगेटिव्हला दोन स्टॉप जास्त प्रकाश मिळाला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) तरी प्रिंट बहुधा निघते. स्लाइडला अर्धा स्टॉप जास्त झाला तरी आकाश पुसले जाते. दृश्यातील उजेड-सावलीचा साधारण पाच ते सहा स्टॉपचाच पट्टा तिच्यात मावतो. म्हणून नियम असा, की मोजमाप उजळ भागासाठी करावे आणि सावल्या काळ्या होऊ द्याव्यात. ज्या दृश्यात दोन्ही हवे आहे आणि पट्टा मोठा आहे, त्यात एक तर उजेड बदलण्याची वाट पाहावी किंवा ते चित्र सोडून द्यावे. हे सोडून देणे शिकायला वेळ लागतो. पण स्लाइडवर काम केलेल्या माणसाची प्रकाशाची नजर पक्की होते ती याच अडचणीमुळे.

स्टिरिओ छायाचित्र खोली कशी दाखवते?

आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण ६३ ते ६५ मिलिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे प्रत्येकाला थोडे निराळे दृश्य दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हे मांडले आणि आरशांचे स्टिरिओस्कोप दाखवले. छायाचित्रणाची जाहीर घोषणा व्हायला अजून वर्ष बाकी होते. व्हीटस्टन यांनी रेखाटनांच्या जोड्या वापरल्या. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचे सुटसुटीत उपकरण सुचवले, १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात ते व्हिक्टोरिया राणीच्या पसंतीस उतरले, आणि काही वर्षांतच स्टिरिओ चित्रे घरोघरी पोहोचली.

मग स्टिरिओ आणि रंगीत स्लाइड यांचीच जोडी का जमली?

या विषयात सर्वांत जास्त सांगण्यासारखे इथे आहे. स्टिरिओ चित्र भिंगातून, डोळ्याला लावून पाहिले जाते. त्यामुळे चित्र मोठे होते आणि त्याचे दोषही मोठे होतात. कागदाचा पोत, प्रिंटची मर्यादित काळोखी, फिल्मचे दाणे हे सारे भिंगाखाली उघडे पडते. एकोणिसाव्या शतकातच जाणकारांना हे कळले होते. क्लोद-मारी फेरिए यांची काचेवरची स्टिरिओ चित्रे पुठ्ठ्यावरच्या चित्रांहून वरच्या दर्जाची मानली जात. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम काचा आल्या आणि स्टिरिओला रंग मिळाला, पण तो रंग बटाट्याच्या पिठाच्या रंगवलेल्या कणांतून येत होता. डाव्या आणि उजव्या काचेवर कणांची मांडणी वेगवेगळी असल्यामुळे दोन्ही डोळ्यांना ती जुळवता येत नाही आणि आकाश चुरचुरल्यासारखे दिसते. कोडॅक्रोमने ही अडचण संपवली, कारण तिचे दाणे भिंगाखालीही सहसा जाणवत नाहीत.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. विल्यम ग्रूबर यांच्या कल्पनेतून १९३९ मध्ये व्ह्यू-मास्टर आले : एका चकतीवर चौदा छोट्या पारदर्शिका, म्हणजे सात जोड्या. पुढे ते मुलांचे खेळणे म्हणून ओळखले गेले, परंतु शरीररचनातज्ज्ञ डेव्हिड बॅसेट यांनी ग्रूबर यांच्याच साह्याने मानवी शरीराच्या विच्छेदनांची स्टिरिओ चित्रे काढली आणि ती वैद्यकीय शिक्षणासाठी व्ह्यू-मास्टरच्या चकत्यांवर प्रसिद्ध झाली. मज्जातंतू धमनीच्या पुढून जातो की मागून, हे सपाट चित्रात सांगावे लागते. जोडचित्रात ते दिसते.

१९४७ मध्ये मिलवॉकी येथील डेव्हिड व्हाइट कंपनीने सीटन रॉचवाइट यांनी रचलेला स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेरा विक्रीस आणला आणि सामान्य हौशी माणूस साध्या ३५ मिलिमीटर स्लाइड फिल्मवर स्टिरिओ जोड्या घेऊ लागला. मूकपटांचे विनोदी नट हॅरल्ड लॉइड यांनी हजारो स्टिरिओ स्लाइड्स घेतल्या. ड्वाइट आयझेनहॉवर यांनाही या कॅमेऱ्याची आवड होती. १९५० च्या दशकातील ही लाट ओसरली खरी, पण कॅमेरे इतके दणकट होते की त्यांतले पुष्कळसे आजही चालतात.

आणखी एक कारण चकाकीचे आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. रेशीम, ओला दगड, पितळ यांवरची चमक दोन डोळ्यांना दोन वेगळ्या जागी आणि वेगळ्या तीव्रतेने दिसते, आणि नेमक्या याच विसंगतीतून मेंदू पृष्ठभाग चकचकीत असल्याचे ठरवतो. सपाट चित्रात ही विसंगती असूच शकत नाही. स्टिरिओ स्लाइडमध्ये ती असते, आणि स्लाइडचा उजळपणा तिला जोर देतो. माझ्या मते पहिल्यांदा व्ह्यूअरला, म्हणजे स्टिरिओ जोडी पाहण्याच्या भिंगांच्या उपकरणाला, डोळे लावणाऱ्याच्या तोंडून जो उद्गार निघतो तो खोलीइतकाच या चकाकीसाठी असतो.

त्यासाठी खास कॅमेरा हवाच का?

स्थिर विषयासाठी नको. साधा कॅमेरा घेऊन वजन डाव्या पायावर ठेवून एक चित्र घ्यावे, मग उजव्या पायावर वजन टाकून दुसरे घ्यावे. कॅमेरा फक्त आडवा सरकावा, वळू नये. पाने हलत असतील, माणसे असतील, लाटा असतील तर मात्र दोन्ही चित्रे एकाच क्षणी घ्यावी लागतात. मग दोन लेन्सचा कॅमेरा किंवा एकाच पट्टीवर बसवलेले आणि एकत्र शटर उघडणारे दोन कॅमेरे हवेत. रिअलिस्ट पद्धतीच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चौकट फिल्मच्या कडेवरील पाच छिद्रांएवढी रुंद असते आणि ३६ चित्रांच्या रोलमध्ये साधारण २८ जोड्या बसतात. जुना कॅमेरा घेताना दोन्ही शटर एकाच वेळी आणि सारख्याच वेळेसाठी उघडतात का, हे आधी तपासावे. एक डोळा उजळ आणि दुसरा अंधारा असे जोडचित्र पाहणे त्रासाचे असते.

दोन लेन्समधील अंतर किती ठेवावे?

नेहमीच्या लेन्ससाठी जुना नियम पुरेसा आहे : सर्वांत जवळची वस्तू जितक्या अंतरावर असेल त्याचा तिसावा भाग. म्हणजे ६५ मिलिमीटर अंतर असेल तर जवळची वस्तू सुमारे दोन मीटरवर असावी. फुलाचे जवळून चित्र घ्यायचे असेल तर हे अंतर काही मिलिमीटरवर आणावे लागते. दूरच्या डोंगररांगेसाठी कॅमेरा काही मीटर सरकवावा लागतो. तसे केले की खोली दिसते, पण डोंगर टेबलावरच्या प्रतिकृतीएवढे वाटू लागतात. काहींना हा परिणाम फार आवडतो. मला तो वर्षातून एखाद्या वेळी पुरतो.

या नियमाचे टोक वॉरन डी ला रू यांनी १८५० च्या दशकात गाठले. चंद्र पृथ्वीवरून पाहताना किंचित डुलतो, त्यामुळे वेगवेगळ्या वेळी घेतलेली दोन चित्रे जोडी म्हणून वापरता येतात, आणि व्ह्यूअरमध्ये चंद्र तबकडीऐवजी गोल दिसतो.

पाहण्यासाठी कोणते साधन घ्यावे?

नवशिक्यांनी कॅमेऱ्याआधी व्ह्यूअर घ्यावा, असा माझा आग्रह आहे. आतून दिवा असलेला, भिंगांमधील अंतर आणि फोकस जुळवता येणारा व्ह्यूअर आणि दुसऱ्या कोणी घेतलेल्या काही चांगल्या जोड्या एवढ्यावर आपल्याला हा छंद मानवतो की नाही ते कळते. व्ह्यूअरच्या भिंगाचे नाभीय अंतर कॅमेऱ्याच्या लेन्सच्या जवळपास असले, तर वस्तूंची खोली आणि आकार यांचे प्रमाण खरे वाटते.

अनेकांना एकत्र दाखवायचे असेल तर दोन प्रोजेक्टर, त्यांच्यापुढे परस्परांशी काटकोनात फिरवलेले ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारे फिल्टर), प्रेक्षकांना तसेच चष्मे आणि चंदेरी पडदा लागतो. साधा पांढरा पडदा ध्रुवित प्रकाशाची दिशा बिघडवतो आणि दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात. या व्यवस्थेत निम्म्याहून जास्त उजेड वाया जातो, म्हणून दाखवण्याची जागा पूर्ण काळोखी हवी. लाल-निळ्या चष्म्यांची पद्धत रंगीत स्लाइडसाठी विचारातही घेऊ नये, कारण जे रंग जपण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच ती खाऊन टाकते.

माउंटिंगला एवढे महत्त्व का?

जोडचित्र पाहताना चौकट खिडकीसारखी वाटते आणि दृश्य तिच्या पलीकडे असावे लागते. दोन्ही तुकडे चौकटीत किती जवळ किंवा दूर बसवले आहेत, यावर ही खिडकी कुठे पडते ते ठरते. डाव्या-उजव्या कडेने कापली गेलेली वस्तू खिडकीच्या अलीकडे आली, तर डोळे गोंधळतात. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा थोडा वर-खाली बसला किंवा तिरका झाला, तर ते आणखी वाईट. आपले डोळे आडवा फरक सहज जुळवतात, उभा फरक त्यांना जवळजवळ सोसत नाही. डावे चित्र उजवीकडे लागले तर खोली उलटी होते आणि मागचे डोंगर पुढच्या झाडावर स्वार होतात. माउंटिंगसाठी भिंग, सुती हातमोजे आणि भरपूर सबुरी लागते. चांगल्या चित्राची वाट इथे लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

मला खोली दिसत नाही किंवा डोके दुखते. काय चुकते?

बहुतेक वेळा दोष माउंटिंगचा किंवा व्ह्यूअर न जुळवण्याचा असतो. आधी दुसऱ्याच्या हातची, नीट बसवलेली जोडी पाहावी. तरीही खोली जाणवली नाही तर दोन्ही डोळ्यांची दृष्टी एकत्र न जुळणे हे कारण असू शकते. लहानपणी तिरळेपणा असलेल्या काहींच्या बाबतीत असे होते. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

डिजिटल कॅमेरे आणि हेडसेट असताना हे सारे कशासाठी?

स्टिरिओ घेण्यापुरते बोलायचे तर डिजिटल अधिक सोयीचे आहे, हे मान्य करायला हवे. निकाल लगेच दिसतो, उभा फरक संगणकावर दुरुस्त होतो, आणि शिकण्यासाठी तोच मार्ग योग्य. प्रश्न पाहण्याचा आहे. फोनचा पडदा दोन डोळ्यांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धेच ठिपके येतात आणि भिंगाखाली ते मोजता येतात. हेडसेट झपाट्याने सुधारत आहेत, आणि १२० मापाच्या मोठ्या फिल्मवरील स्टिरिओ स्लाइडला ते कधीतरी गाठतील यात मला शंका नाही. आज मात्र तशी जोडी उजेडासमोर धरल्यावर जे दिसते, ते कोणत्याही पडद्यावर पाहिल्याचे मला आठवत नाही.

त्यामुळे केवळ स्कॅन करून पडद्यावर दाखवण्यासाठी स्लाइड फिल्म वापरण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. त्या कामाला निगेटिव्ह अधिक सोपी आणि क्षमाशील आहे. स्लाइड घ्यायची तर ती स्लाइड म्हणूनच पाहावी.

आज स्लाइड फिल्म मिळते का?

मिळते, पण निवड थोडी आहे आणि पुरवठा मधूनमधून खंडित होतो. कोडॅकने एक्टाक्रोमचे उत्पादन २०१२ च्या सुमारास थांबवले होते. २०१८ मध्ये ई-१०० या नावाने ती परत आली. फुजीच्या व्हेल्विया आणि प्रोव्हिया आहेत. ई-६ धुणाऱ्या प्रयोगशाळाही विरळ झाल्या आहेत. काम कमी असलेल्या ठिकाणी रसायने शिळी होतात, तेव्हा नियमितपणे ई-६ धुणारी प्रयोगशाळा दूरची असली तरी तिलाच प्राधान्य द्यावे. स्टिरिओसाठी रोल देताना ‘कापू नये, माउंट करू नये’ अशी सूचना ठळक लिहावी, अन्यथा नेहमीच्या चौकटींच्या मापाने कात्री चालते.

घरात जुन्या स्लाइड्स सापडल्या. त्यांचे काय करावे?

पहिल्यांदा त्या प्रोजेक्टरवर लावण्याचा मोह आवरावा. कोडॅक्रोम अंधारात उत्तम टिकते, पण प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यापुढे ती इतर फिल्मपेक्षा लवकर फिकी पडते. कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत स्लाइड्स ठेवाव्यात. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटे टाकून द्यावीत. बुरशी आलेल्या स्लाइड्स वेगळ्या काढाव्यात आणि पाण्याने पुसू नयेत, कारण बुरशी लागलेला थर पाण्यात विरघळू शकतो.

स्कॅन करताना धूळ काढण्यासाठी अवरक्त प्रकाश वापरणारी सोय एक्टाक्रोम किंवा फुजीवर चांगली चालते. कोडॅक्रोमवर ती बंद ठेवावी, कारण तिथे ती चित्राच्या गडद भागांनाच धूळ समजते. दोन चित्रे शेजारी बसवलेली, साधारण १० सेंटिमीटर लांब चौकट आढळली तर ती स्टिरिओ जोडी आहे. ती चौकटीतून सोडवू नये. स्कॅन करायची असल्यास तशीच करावी, आणि डाव्या व उजव्या चित्रांच्या फायलींना तिथल्या तिथे वेगळी नावे द्यावीत.